सवा महिन्याचं मौन

वसुंधराबाई, तुमी मंडळाच्या अंकात माह्यावर लिहायले आल्या, तं पहिले एक सांगा. खरं लिहान का गोड लिहान? गोड लिहायचं असंन तं चहा प्या अन् जा. "मौनी गयाबाई, शांतीची मूर्ती" असं काहीबाही लिहून मोकळ्या व्हा. पण खरं लिहायचं असंन तं बसा नीट, अन् मधात टोकू नका. लोकं माह्या पाया पडते तेव्हा मले अंगावर पाल पडल्यासारखं होते, हे पहिल्या ओळीत लिहा.

मी तिरोड्याकडची. पहिला नवरा तापानं गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होती. माहा भाऊ शालिकराम इकडे भिलाईले पोलादाच्या कारखान्यात खलाशी म्हणून, जड लोखंड उचलायच्या कामावर, लागला होता. कारखान्याचे पाये खोदणं चालू होते, जिकडे पाहा तिकडे लाल धूळ. अंगावरची धूळ धुतली तं नाली लाल होऊन जाये. दादानं मले सैपाकाले म्हणून आणलं. त्याच्या जोडीले एक खलाशी होता, तेजराम. आमच्याच मुलखातला. तो जित्ता असतानी मी कधी नाव घेतलं नाही, "आमचे हे" म्हणो. आता घेते, आता कोण वरडते?

तेजरामनं मले पाट लावून केली. तुमाले पाट माहीत नसंन. विधवेचं दुसरं लगन म्हणजे पाट. अन् नवरा कुवारा असला का आमच्यात पहिले त्याचं लगन रुईच्या झाडाशी लावतेत, मंग बाईशी. दादानं कुठून तरी रुईचं झाड आणलं, त्याले हळद लावली, अन् तेजराम त्याच्या बाजूले असा लाजून उभा राह्यला जशी खरीच नवरी आहे. मले हासू आवरंना.

पण त्याच्या बापाले नाही आलं हासू. जानराव त्याचं नाव. गावात मोठा मानी माणूस, अन् तेजराम एकुलता एक. बातमी पोचली तसा बुढा चावडीवर बोलला, "माह्या पोरानं दुसऱ्याचा उष्टा गंज घरात आणला." गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. कोण्या मेल्यानं ते जसंच्या तसं मले आणून सांगतलं. सांगणाऱ्याले काय, सांगतलं अन् गेला. मी ते पाच वर्षं पोसलं. भाकर थापतानी आठवे, गंज घासतानी तं हटकून आठवे.

तेजराम तसा नव्हता. त्याले राग पोसताच येत नव्हता. चौथी शिकलेला माणूस, दर महिन्याले जिभेचा शेंडा बाहेर काढून पोस्टकार्ड लिहे. "बाबा, मी खुशाल आहे. सेक्टर एकमधी पक्कं क्वार्टर भेटलं. एकदा या." खाली सडक नंबर, क्वार्टर नंबर. उत्तर कधीच नाही आलं. नलू झाली तेव्हा बी त्यानं कार्ड टाकलं. पोरगी झाली, तुमच्यासारखं नाक आहे, एकदा या. त्या माणसाचं देवापाशी एवढंच मागणं होतं पाहा, का बापानं एक वेळ आपल्या क्वार्टरात बसून जेवावं. बढती नाही मांगे, काही नाही.

आता माहं सांगते. माही जीभ म्हणजे विळा होती. नळावर मी गेली का बाया आपापले पाण्याचे गुंड मागं घेत. शेजारीण कलावती, नागपूरकडच्या रेल्वेवाल्याची लेक, तिच्याशी तं माहं रोजचं लगीन लागलेलं. एक दिवस तिच्या वाळत घातलेल्या वड्यायले माह्या पोतेऱ्याचं पाणी लागलं अन् त्याच्यावरून मी तिच्या सात पिढ्या उकरल्या. तेजराम ड्युटीवरून आला तं अर्धी सडक बाहेर उभी. दुसऱ्या दिवशी इतवार होता. त्यानं मले सायकलवर डबल सीट बसवलं अन् भिलाई-तीनले पंजाबराव गार्डाकडे नेलं.

पंजाबराव म्हणजे काही भगवे कपडेवाले बाबा नव्हते. रेल्वेतले रिटायर गार्ड, पोराच्या क्वार्टरात राहत, जुना खाकी कोट घालत. इतवारी दुपारी दहा-बारा जण जमत अन् ते वेदान्त सांगत. शब्द लय मोठे नाही वापरत. म्हणत, "इंजिन ड्रायव्हर चालवते. गार्ड मागच्या डब्यात बसून फक्त पाहते. कोणतं स्टेशन आलं, कोणतं गेलं. तसा तुमच्यात एक पाहणारा आहे. देह धावते, मन धावते, तो धावत नाही. त्याच्याशी ओळख करा."

मले म्हतलं, "बाई, राग आला का 'मी रागावली' म्हणू नको. 'राग आला' म्हण. आला तसा जाईन. तू फक्त पाह्य का आला कोणाले." अन् सवा महिन्याचं मौन देल्लं. सकाळी सहाच्या भोंग्यापासून बाराच्या भोंग्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तेजराम पहिल्या पाळीले गेला का अर्धा घंटा डोळे मिटून बसायचं, मंग काम करत करतच पाहत राहायचं.

तुमाले वाटंन मी आता त्याची टर उडवीन. नाही. खोटं नाही बोलत, त्याचा मले गुण आला. पहिले चार दिवस जीभ दाताखाली धरून काढले. मंग एक दिवस सिगडीवरचं दूध उतू गेलं, सारं, अन् राग वर आला, छातीतून गळ्यापर्यंत, अन् बोलता येत नव्हतं म्हणून मी त्याले पाहत उभी राह्यली. तो आला, थांबला, गेला. अन् मी तिथंच होती. बाई, जल्मात पहिल्यांदा असं झालं. दूध पुसता पुसता मी रडली. इतकी हलकी मी कधीच नव्हती झाली.

पण माणूस वंगाळ जात आहे. हलकं वाटलं त्याचा बी मले फुगारा आला. कलावतीनं नळावर सगळ्यायपुढं म्हतलं होतं, "ही सवा महिना चूप राह्यली तं आठ दिवस हिचे भांडे मी घासते." आता मी मौन करून राहिली होती ते आत्म्यासाठी का कलावतीच्या हातून भांडे घासून घ्यायसाठी, हे माह्या मलेच समजेनासं झालं. कोणी सकाळी बोलायले आलं का मी ओठावर बोट ठेवो अन् मंग पंजा असा हवेत हलवो. आता बोलणं नाही, असा त्याचा अर्थ. सडकीवरच्या बायायले ते पाठ झालं होतं. नवख्या माणसाले मात्र त्याचा एकच अर्थ लागंन. नाही. इथं नाही.

तेहतिसावा दिवस. थंडीचे दिवस होते, दहा वाजले असतीन. तेजराम ड्युटीवर. कलावती बाजारात गेली होती, ते घरी असती तं तिनंच बोलून टाकलं असतं अन् मी सुटली असती. मी नलूले कडेवर घेऊन तांदूळ निवडून राहिली होती. दाराची कडी वाजली.

दारात बुढा उभा. धोतर गुडघ्यापर्यंत लाल, पागोटं, खाकेत गठुडं. दुर्गच्या ठेसनाले उतरून पायी आलता, मागून समजलं. त्यानं चपला दूर काढल्या अन् हात जोडले.

"माय, तेजराम खलाशी इथंच राह्यते काय?"

अन् वरच्या खिशातून पोस्टकार्ड काढून माह्यापुढं धरलं. मले वाचता येत नाही, पण ते अक्षर मी ओळखत नाही काय? माह्या डोळ्यादेखत लिहिलेलं. अन् ते बी राहू द्या. ते नाक! नलूचं नाक, तेजरामचं नाक, त्या म्हाताऱ्या तोंडावर. मी त्याले कधी पाह्यलं नव्हतं, त्यानं मले पाह्यलं नव्हतं, पण पापणी लवायच्या आत मले समजलं का हा जानराव आहे. माहा सासरा आहे.

मी ओठावर बोट ठेवलं अन् पंजा हवेत हलवला.

आता तुमी म्हणान, मौन होतं, बिचारी काय करंन. तेच तं! बोलायची गरजच कुठं होती? दार पुरं उघडून हातानं "या" म्हतलं असतं तं झालं असतं. खाट टाकली असती, नलूले त्याच्या मांडीवर देल्लं असतं, चार घंटे बसवलं असतं, अडीच वाजता तेजराम आला असता. मौनात तांदूळ निवडायले हात चालत होते, मंग "या" म्हणायले नव्हते चालत काय?

बुढा म्हणे, "इथं नाही राह्यत? मले तं कोपऱ्यावरच्या माणसानं हेच क्वार्टर दाखवलं."

मी कार्ड त्याच्या हातात वापस देल्लं अन् पुन्हा पंजा हलवला. या खेपेले मले पक्कं माहीत होतं का तो काय समजून राहिला आहे. मनात काय चालू होतं सांगू? वेदान्त. हो! मनात म्हतलं, सासरा कोण, सून कोण? हे नाव अन् रूप. येते अन् जाते. गये, तू पाहणारी आहे, फक्त पाह्य. असं मी देवाच्या नावानं स्वतःले सांगून राहिली होती, अन् त्याच्या बुडाशी एक गोड-गोड वाटून राहिलं होतं. उष्टा गंज म्हणत होतास ना? आता उभा राह्य त्याच गंजाच्या दारात.

ते गोड वाटणं बी मी पाह्यलं, बाई. चांगलं डोळे उघडून पाह्यलं. अन् राहू देल्लं.

त्यानं ओठावरून जीभ फिरवली. "थोडं पाणी भेटंन काय माय?"

मी गडवा भरून देल्ला. तो ओट्यावर उकिडवा बसला, ओंजळीनं प्यायला. उठतानी त्यानं नलूच्या तळपायाले बोट लावलं, तसं पोट्टीनं पाय आखडला अन् खुदकन हासली. "बोलता येत नाही काय माय तुले?" त्यानं मले विचारलं, इतक्या मायेनं, का माहा बाप बी कधी तसा बोलला नाही. मी मान हलवली. हाव म्हणून. "देव तुहं भलं करो," म्हणे. चपला घातल्या अन् गेला.

बाराचा भोंगा झाला. मी कोपऱ्यापर्यंत बी गेली नाही. गेली असती तं? तो पावर हाउसच्या ठेसनावर बसून होता. त्याची गाडी दोनच्या पुढं होती. एका रिक्षाचं काम होतं.

तेजराम आला, जेवला, नलूशी खेळला. मी म्हतलं रात्री सांगू. रात्री म्हतलं उद्या सांगू. मौन बाराले सुटे, पण माहं सुटंच ना.

इतवारी गार्डाकडे गेली. सगळे उठले तेव्हा मी आडून आडून विचारलं, "मौनात असतानी घरी कोणी आलं, अन् त्याले आपली गरज आहे, तं काय करावं?"

ते हासले. "तं बोलावं! माणसापेक्षा मौन कधीपासून मोठं झालं बाई?"

"पण आपण फक्त पाहणारे ना? तुमीच सांगतलं. गार्ड पाहते."

त्याइनं मले नीट पाह्यलं. गार्डाची नजर होती, लांबचं दिसे त्याइले. "गार्डाच्या डब्यात ब्रेक असते," म्हणे. "पुढं काही दिसलं अन् गार्डानं ब्रेक ओढला नाही, मंग म्हतलं मी तं साक्षी होतो, तं त्याले साक्षी नाही म्हणत. कोण आलं होतं?"

"कोणी नाही," मी म्हतलं. "असंच विचारलं."

पाहा, तेव्हा बी वेळ होती. बुढा जित्ता होता. एक कार्ड टाकलं असतं, तेजरामले रजा टाकून पाठवलं असतं, तं पाच घंट्यांत बाप-लेक समोरासमोर असते. पण सांगतलं असतं तं तेजरामनं माह्याकडे कसं पाह्यलं असतं, याचं मले भेव वाटे. अन् सवा महिना पुरा व्हायले चार दिवस बाकी होते. हे बी लिहा. लाज वाटते, पण लिहा.

सवा महिना पुरा झाला. कलावतीनं आठ दिवस माहे भांडे घासले, अन् नळावरच्या बाया माह्याशी जपून बोलाय लागल्या. मी मौन चालूच ठेवलं. लोकायले वाटलं गयाबाईले गोडी लागली. कायची गोडी! तोंड बंद असलं का सांगावं लागत नव्हतं. सहा घंटे तरी सुट्टी भेटे.

मंग तार आली. जानराव गेले. छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं. तेजराम एकटाच गावाले गेला, पोट्टी लहान, थंडी लय. तेरवी करून आला तेव्हा सकाळचे नऊ झाले असतीन. डोक्याचे केस काढलेले, डोळे आत गेलेले, अन् खाकेत तेच गठुडं.

तो ओट्यावर बसला, आत नाही आला. म्हणे, "गये, बाबा आपल्याकडे आलते."

माहं मौन चालू होतं. मी उभी.

"मायनं सांगतलं. नलू झाल्याचं माहं कार्ड कित्येक महिन्यांनी वाचून घेतलं, अन् तीन दिवस बोलले नाही. मंग म्हणे मी जातो. इथं आले, क्वार्टर बी सापडलं. पण तिथं एक मुकी बाई राह्यते म्हणे. तिनं पाणी देल्लं, अन् हातानं सांगतलं का तेजराम इथं नाही. घरी जाऊन मायले म्हणे, पोरानं खोटा पत्ता लिहिला. पाच वर्षं या म्हणते अन् पत्ता खोटा लिहिते. मी दारात आलेलाच नको त्याले. मरेपर्यंत तेच घोकत होते."

त्यानं गठुड्याची गाठ सोडली. गठुडं जसं आलं होतं तसंच गेलं होतं अन् तसंच पुन्हा आलं होतं. आत नलूसाठी झबलं-टोपडं. अन् एक नवं लुगडं, हिरवं, घडी न मोडलेलं. आमच्यात सासऱ्यानं सुनेले लुगडं आणलं का सून घरची झाली. त्याच्यावर मंग कोणी काही बोलत नाही.

"आपल्या सडकीवर मुकी बाई कोणी नाही, गये," तेजराम म्हणे.

अन् माह्याकडे पाह्यलं. तो बह्याड नव्हता. रोज सकाळी माहं मौन असते हे त्याच्याइतकं कोणाले माहीत? तो वाट पाहत होता. कलावती तिच्या दारात येऊन उभी झाली अन् पुन्हा आत गेली.

मंग त्यानंच, त्या भोळ्या जिवानं, मले वाट काढून देल्ली. म्हणे, "तू त्याइले कधी पाह्यलंच नव्हतं ना. तुले कसं समजंन कोण आहे ते. ओळखलंच नसंन तू."

सवा महिना अन् वरचे पंचवीस दिवस. दूध उतू गेलं तेव्हा नाही बोलली, नलू खाटेवरून पडली तेव्हा नाही बोलली, सासरा दारात उभा होता तेव्हा नाही बोलली. त्या दिवशी, नऊ वाजता, मौनात, मी तोंड उघडलं.

"हाव," मी म्हतलं. "नाही ओळखलं."

त्याचा जीव भांड्यात पडला, बाई, मले दिसलं. त्यानं दोन्ही हातानं तोंड झाकलं अन् मोठ्यानं रडला, बाप मेल्यावर बहुतेक पहिल्यांदाच. मंग डोळे पुसले. "मी मायले तेच सांगतलं," म्हणे, "का आमची गया ओळखून असं करायची नाही." अन् लुगडं माह्याकडे सरकवलं. "बाबांनी तुह्यासाठी आणलं होतं. नेस."

मी आत गेली अन् नेसली.